बिलाचा मेल पोचलाच पाहिजे: आउटगोइंग सर्व्हर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

"सर, मेल गेलाय की. हे बघा, सेंटमध्ये दिसतोय."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सच्या टेबलापाशी हे वाक्य ऐकलं, तेव्हा पुण्याच्या गिऱ्हाइकाचा तिसरा फोन येऊन गेला होता. कास्टिंगची गाडी रात्रीच पोचून त्यांच्या गेटबाहेर उभी होती. टेस्ट सर्टिफिकेट मेलवर आल्याशिवाय तिथले क्वालिटीवाले माल उतरवून घ्यायला तयार नव्हते. सर्टिफिकेट सकाळी नऊलाच पाठवलं होतं. स्पॅममध्येही नव्हतं. समोरच्या सर्व्हरनं ते दारातूनच परत लावलं होतं आणि परतीचा निरोप ज्या मेलबॉक्सवर येत होता, तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचा होता. तो कुणी उघडतच नव्हतं.

शोधल्यावर कळलं, की वेबसाइटच्या होस्टिंगसोबत फुकट आलेला मेल सर्व्हर वापरात होता. त्याच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या त्याच क्रमांकावरून, आणखी कितीतरी अनोळखी वेबसाइटचे मेल जात होते. त्यातली एक हॅक झाली, तिच्यातून स्पॅम सुटला आणि तो पत्ता काळ्या यादीत गेला. फाउंड्रीची काही चूक नव्हती, तरी गाडी दुपारपर्यंत उभी राहिली.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कारखाने, मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, हुपरीचे चांदीवाले, अशा ठिकाणचे मेल मी सांभाळतो. येणाऱ्या मेलची काळजी सगळे घेतात, कारण तो आला नाही तर लगेच कळतं. जाणाऱ्या मेलकडे मात्र काही तरी अडल्याशिवाय कुणी बघत नाही. म्हणून हा लेख फक्त जाणाऱ्या मेलबद्दल आहे.

मेल निघतो तेव्हा नेमकं काय होतं

हे एकदा समजून घेतलं, की पुढची प्रत्येक सेटिंग कशासाठी आहे ते आपोआप कळतं. आउटलुकमध्ये 'सेंड' दाबल्यावर तुमचा प्रोग्राम आउटगोइंग सर्व्हरशी, म्हणजे एसएमटीपी सर्व्हरशी, अक्षरशः गप्पा मारतो. सर्व्हर '२२०' म्हणतो: बोला, मी आहे. प्रोग्राम 'एहेलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. सर्व्हर '२५०' म्हणत आपल्याला काय काय जमतं त्याची यादी वाचतो. प्रोग्राम 'स्टार्ट-टीएलएस' म्हणतो आणि इथून पुढचं बोलणं कुलूपबंद होतं. मग यूझरनेम आणि पासवर्ड. '२३५' आलं की ओळख पटली. त्यानंतर 'मेल फ्रॉम' म्हणजे पाठवणारा कोण, 'आरसीपीटी टू' म्हणजे कुणाला, आणि 'डेटा'. सर्व्हर '३५४' म्हणतो: सांगा मजकूर. मजकूर संपला हे कळवायला एका ओळीत फक्त एक टिंब द्यायचं. त्यावर सर्व्हर शेवटचं '२५०' देतो: घेतला.

'सेंट'मध्ये दिसणारा मेल म्हणजे हे शेवटचं '२५०'. पत्र पेटीत पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढे तुमचा सर्व्हर समोरच्या डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, एमएक्स रेकॉर्ड (त्यांचा मेल कुठला सर्व्हर घेतो ती नोंद) शोधतो आणि त्या सर्व्हरशी पोर्ट २५ वर, म्हणजे त्याच्या २५ नंबरच्या दारावर, पुन्हा हाच संवाद करतो. फरक एवढाच, की तिथं पासवर्ड नसतो. १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा नेटवर्कवर मोजकी माणसं होती आणि कुणीही 'मी अमुक' म्हटलं तर ऐकून घेतलं जायचं. आज समोरचा सर्व्हर ऐकून घेत नाही. तुम्ही कुठल्या आयपीवरून आलात, त्या आयपीचा लौकिक काय, तुमच्या डोमेननं तुम्हाला परवानगी दिली आहे का, हे सगळं तो विचारतो. आपली बहुतेक मेहनत या प्रश्नांची उत्तरं आधीच तयार ठेवण्यात जाते.

एक बारीक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. 'मेल फ्रॉम'मधला पत्ता म्हणजे पाकिटावरचा पत्ता. मेल उघडल्यावर 'फ्रॉम' म्हणून दिसतो तो आतल्या लेटरहेडवरचा. हे दोन वेगळे असू शकतात आणि पुढे एसपीएफ-डीमार्क या तपासण्यांमध्ये जो घोळ होतो तो बहुतेक यातूनच होतो.

निवडण्याआधी मोजा

मला कुणी 'कुठला सर्व्हर चांगला?' असं विचारलं, की मी कागद-पेन मागतो. तुमच्या ऑफिसातून मेल कोण कोण पाठवतं? माणसं पाठवतात, ते झालं. टॅली बिलं पाठवते का? वेबसाइटचा चौकशीचा फॉर्म? स्कॅन करून मेल करणारी झेरॉक्स मशीन? हजेरीचं किंवा ईआरपीचं सॉफ्टवेअर? आणि दिवाळीला सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम जाणारं शुभेच्छापत्र, नाही तर दर बदलल्याचं परिपत्रक?

प्रत्येकासमोर दिवसाला साधारण किती मेल, ते लिहा. अंदाज चालेल. पण यादी पूर्ण पाहिजे, कारण विसरलेली झेरॉक्स मशीनच पुढे सगळ्यात जास्त त्रास देते.

या यादीचे सरळ तीन ढीग पडतात: माणसांचा मेल, यंत्रांचा मेल आणि घाऊक मेल. तिन्ही एकाच सर्व्हरमधून, एकाच पत्त्यावरून पाठवायचे नाहीत, हा माझा ठाम नियम. दिवाळीच्या परिपत्रकाला शंभर जणांनी 'स्पॅम' दाबलं तर त्याची झळ दुसऱ्या दिवशीच्या टेस्ट सर्टिफिकेटला लागता कामा नये.

कुठला सर्व्हर

होस्टिंगसोबत येणारा मेल सर्व्हर वेबसाइट सुरू झाल्यावर महिना-दोन महिने चालेल. कायमचा व्यवसाय त्यावर ठेवू नका. कारण वर सांगितलंच: शेजारी कोण आहे ते तुमच्या हातात नसतं.

माणसांच्या मेलसाठी गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहो मेल, या तिघांपैकी काहीही घ्या. तिघेही नीट मेल पोचवतात. किमती बदलत राहतात, म्हणून इथे देत नाही. मर्यादा मात्र माहीत पाहिजेत. साध्या फुकट जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल पाठवता येतो, वर्कस्पेसच्या एका खात्यावरून दिवसाला २००० मेल आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एका मेलबॉक्सवरून दिवसाला १०,००० जणांना. दहा-वीस माणसांच्या ऑफिसला या मर्यादा कधी आड येत नाहीत. झोहोचा एक पदर ध्यानात असू द्या: त्यांच्या फुकट योजनेत आउटलुकसारख्या बाहेरच्या प्रोग्राममधून खातं जोडता येत नाही. मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्येच वापरावा लागतो. टॅलीतून बिलं जाणार असतील तर पैसे भरूनच योजना घ्या.

यंत्रांच्या मेलसाठी रिले सेवा, म्हणजे तुमचा मेल घेऊन पुढे पोचवणारी सेवा, घ्यावी. अ‍ॅमेझॉनची एसईएस मुंबई विभागातून मिळते आणि हजार मेलला १० अमेरिकन सेंट, इतका तिचा मूळ दर आहे. झोहोची झेप्टोमेल याच कामासाठी आहे. एसईएस सुरुवातीला 'सँडबॉक्स'मध्ये ठेवते. तेव्हा २४ तासांत फक्त २०० मेल जातात, तेही तुम्ही पडताळून घेतलेल्या पत्त्यांनाच. त्यातून बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. त्यात आपण काय विकतो, मेल कुणाला जातो आणि परत आलेल्या मेलचं काय करतो, हे साध्या भाषेत खरं खरं लिहा. 'आम्ही गिऱ्हाइकाला त्याच्याच ऑर्डरचं बिल पाठवतो' एवढं स्पष्ट लिहिलेला अर्ज सहसा अडत नाही. दिवसाला पन्नासच बिलं असतील तर मात्र रिलेच्या मागे न लागता वर्कस्पेस किंवा झोहोचंच एक वेगळं खातं टॅलीला द्या.

आता चौथा पर्याय, स्वतःचा सर्व्हर. हौशी पोरं मला हमखास विचारतात: 'ऑफिसात एक कॉम्प्युटर आहे, लिनक्स टाकतो, पोस्टफिक्स बसवतो, कशाला पैसे द्यायचे?' पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. पण ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवायचा विचार सोडून द्या. बहुतेक जोडण्यांचा आयपी बदलता असतो. असे आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत असतात. इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही, असं सांगणारी ती यादी आहे. पोर्ट २५ कंपनीनं बंद केलेला असतो आणि उलटा डीएनएस (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही), म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, तुमच्या नावाचा करून मिळत नाही.

आणि आपल्याकडे पुराचं पाणी येतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी शाहूपुरीत, व्हिनस कॉर्नरला काढला, त्यांना सांगायची गरज नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. आकडा वाढायला लागला की आपण फायली वरच्या मजल्यावर नेतो. त्या दिवसांत वीज नसते, हायवे बंद असतो आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाइकाला 'माल आठवडाभर उशिरा येईल' हे कळवायचं असतं. तो मेल पाठवणारा सर्व्हर तळमजल्यावरच्या टेबलाखाली असून चालणार नाही.

तरीही स्वतःचाच पाहिजे असेल तर भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घ्या, पण आधी तीन गोष्टी लेखी विचारा: पोर्ट २५ उघडून मिळेल का, पीटीआर रेकॉर्ड आमच्या नावाचा करता येईल का, आणि मिळणारा आयपी काळ्या यादीत नाही ना. मोठ्या क्लाउड कंपन्या पोर्ट २५ सुरुवातीला बंदच ठेवतात. पीटीआर, सर्व्हर 'एहेलो'मध्ये सांगतो ते नाव आणि त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद), तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. आयपीव्ही६, म्हणजे नव्या लांब आयपी पत्त्यावरून, पाठवताना जीमेल पीटीआरबाबत फार काटेकोर असतं. त्याची तजवीज नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. यात मला सगळ्यात पटलेली मधली वाट अशी: पोस्टफिक्स ऑफिसात बसवायचं, पण त्याला 'रिलेहोस्ट' म्हणून एसईएस किंवा तत्सम सेवा पोर्ट ५८७ वर द्यायची. ऑफिसातली सगळी यंत्रं पोस्टफिक्सला मेल देतात, पोस्टफिक्स रांग सांभाळतं, नेट गेलं तर थांबतं, आलं की पुढे ढकलतं. बाहेरचा लौकिक रिले सेवेचा. हे पोस्टफिक्स बाहेरच्या जगाला दिसता कामा नये. फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधूनच मेल स्वीकारेल असं बांधा, नाही तर ओपन रिले, म्हणजे कुणाचाही मेल पुढे ढकलणारा सर्व्हर, होऊन एका रात्रीत जगाचा स्पॅम तुमच्या नावावर जाईल.

आधी डोमेनची किल्ली स्वतःच्या हातात घ्या

सर्व्हर भाड्याचा असला तरी काही बिघडत नाही, आज एक, उद्या दुसरा. डोमेन आणि त्याचं डीएनएस मात्र मालकाच्या ताब्यात पाहिजे. कितीतरी ठिकाणी डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या ई-मेलवर नोंदवलेलं असतं आणि ते पोरगं आता बेंगळुरूला असतं. काम सुरू करण्याआधी रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) मालकाच्या नावानं खातं, मालकाचा मोबाइल नंबर, दोन टप्प्यांची पडताळणी आणि आपोआप नूतनीकरण, एवढं करून घ्या. खात्याचा ई-मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा मेलही येणार नाही.

मग नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, कुठले आहेत ते बघा. डोमेन एका कंपनीकडे आणि नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याचे, असं नेहमी असतं. नेमसर्व्हर ज्याचे, त्याच्याच पॅनेलमध्ये केलेले बदल लागू होतात. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये दोन दिवस रेकॉर्ड टाकत बसलेली आणि 'काहीच होईना' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. ते चुकीच्या खोलीत दिवा लावत होते. बदल करायच्या आदल्या दिवशी जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (बाकीच्या सर्व्हरनी ती नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे चूक झाली तर पाच मिनिटांत सुधारता येते.

एसपीएफ, डीकिम, डीमार्क

हे रेकॉर्ड मी इथे बोलीत सांगतोय. टाकताना तुमच्या मेल सेवेच्या पानावरून कॉपी-पेस्टच करा, हातानं टाइप करू नका.

एसपीएफ हा डोमेनवरचा एक टेक्स्ट रेकॉर्ड असतो. 'आमच्या नावानं या या सर्व्हरनी मेल पाठवलेला चालेल' अशी यादी त्यात असते. सुरुवात 'व्ही=एसपीएफ१' अशी, मध्ये प्रत्येक सेवेचा 'इन्क्लूड' आणि शेवटी 'ऑल'. त्या 'ऑल'च्या आधी नागमोडी टिल्डे असेल तर 'बाकीच्यांवर संशय घ्या', वजाचं चिन्ह असेल तर 'बाकीचे नाकारा'. अधिकचं चिन्ह कधीही टाकू नका. त्याचा अर्थ 'कुणीही आमच्या नावानं पाठवा' असा होतो. सुरुवात टिल्डेनं करा.

एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच असतो. मीच एकदा वर्कस्पेसचा रेकॉर्ड असताना रिले सेवेसाठी दुसरा वेगळा टाकला होता. दोन रेकॉर्ड दिसले की तपासणारा सर्व्हर 'पर्मएरर', म्हणजे कायमची चूक, देतो आणि दोन्ही वाया जातात. नवीन सेवा आली की असलेल्या ओळीतच तिचा 'इन्क्लूड' घालायचा. शिवाय ही ओळ वाचताना डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० वेळा शोध घ्यायची मुभा आहे आणि एका 'इन्क्लूड'च्या पोटात आणखी चार असू शकतात. जुन्या, आता न वापरत्या सेवा काढून टाका.

डीकिम म्हणजे सही. तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीनं सही करतो आणि तिची जाहीर जोडी डीएनएसमध्ये असते. मेल वाटेत फॉरवर्ड झाला तर आयपी बदलतो आणि एसपीएफ फसतो, पण मजकूर तसाच राहिला तर डीकिमची सही टिकते. म्हणून माझा जास्त भरवसा डीकिमवर. किल्ली २०४८ बिटची घ्या. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: रेकॉर्डचं नाव 'सिलेक्टर, टिंब, अंडरस्कोअर डोमेनकी, टिंब, तुमचं डोमेन' असं असतं (सिलेक्टर म्हणजे सेवेनं दिलेलं किल्लीचं नाव) आणि बरीच पॅनेल शेवटचं डोमेन स्वतःहून जोडतात. तुम्ही पूर्ण नाव पेस्ट केलंत तर शेवटी डोमेन दोनदा लागतं. पॅनेलवर सगळं बरोबर दिसतं आणि बाहेरून काहीच सापडत नाही. दुसरा: टेक्स्ट रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. चांगलं पॅनेल लांब किल्लीचे आपोआप तुकडे पाडतं, जुनं पॅनेल शेपूट कापून टाकतं. सेव्ह केल्यावर किल्लीची शेवटची पाच-सहा अक्षरं मूळ किल्लीशी ताडून बघा.

डीमार्क या दोघांवरचा मुकादम. तो लेटरहेडवरचा 'फ्रॉम' बघतो आणि विचारतो: एसपीएफ किंवा डीकिम यांतलं निदान एक तरी पास आहे का, आणि जे पास झालं ते याच डोमेनच्या नावानं झालं का? रिले सेवा पाकिटावर स्वतःचाच पत्ता टाकते, तेव्हा एसपीएफ पास होतो तो तिच्या नावानं, तुमच्या नाही. अशा वेळी डीकिम तुमच्या डोमेनचं असेल तरच डीमार्क पास होतो. एसईएसमध्ये 'कस्टम मेल फ्रॉम डोमेन' म्हणून सोय आहे. ती लावली की पाकीटही तुमचं होतं.

डीमार्कचं धोरण पहिले तीन-चार आठवडे 'नन' (काही करू नका, फक्त कळवा) ठेवा आणि अहवालासाठी एक वेगळा मेलबॉक्स द्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट असे मोठे सर्व्हर रोज झिप केलेल्या एक्सएमएल फायली पाठवतात. तुमच्या नावानं कुठून कुठून मेल निघाला, ते त्यात असतं. विसरलेली झेरॉक्स मशीन इथे सापडते. सगळे खरे स्रोत पास झाले की 'क्वारंटीन' (स्पॅममध्ये टाका) आणि मग 'रिजेक्ट' (नाकारा).

ही सक्ती आता सगळ्यांनाच आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केले. प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम पाहिजेच. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही पाहिजेत, शिवाय एका क्लिकवर नाव कमी करायची सोयही, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली.

प्रोग्राममध्ये सेटिंग

सर्व्हरचं नाव, पोर्ट, कूटबद्धता (बोलणं कुलूपबंद करायची पद्धत), यूझरनेम, पासवर्ड. पाचच खाने आहेत, पण यांतला एक चुकला तरी मेल निघत नाही. पोर्ट ४६५ घेतला तर कूटबद्धता 'एसएसएल/टीएलएस', ५८७ घेतला तर 'स्टार्ट-टीएलएस'. ही जोडी उलटी झाली की प्रोग्राम नुसता फिरत राहतो आणि 'टाइमआउट' म्हणतो. पोर्ट २५ प्रोग्राममध्ये कधीच घालू नका, तो सर्व्हर-सर्व्हरमधला रस्ता आहे. यूझरनेम म्हणजे पूर्ण ई-मेल पत्ता. एसईएसमध्ये मात्र एसएमटीपीसाठी वेगळं यूझरनेम-पासवर्ड तयार करावं लागतं, अ‍ॅमेझॉनच्या लॉगिनचं चालत नाही.

सर्व्हरची नावं: गूगलसाठी 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', मायक्रोसॉफ्ट ३६५ साठी 'एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम' आणि पोर्ट ५८७, झोहोच्या भारतातल्या सशुल्क खात्यांसाठी 'एसएमटीपीप्रो डॉट झोहो डॉट इन'. गूगलमध्ये टॅलीसारख्या प्रोग्रामला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करायची, मग १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढायचा. टॅलीसाठी एक, वेबसाइटसाठी दुसरा, असा प्रत्येकाला वेगळा. मायक्रोसॉफ्टच्या नव्या खात्यांत ही एसएमटीपीची सोय मुळात बंद असते. अ‍ॅडमिननं ती त्या मेलबॉक्सपुरती उघडावी लागते. साध्या पासवर्डची पद्धत ते बंद करत आणत आहेत, त्यामुळे जुनी यंत्रं असणाऱ्या ऑफिसला मी यंत्रांसाठी रिलेच सुचवतो.

वेबसाइटच्या फॉर्ममध्ये एक चूक जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडते. चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घातलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या जीमेलच्या नावानं मेल पाठवतोय, आणि तो नाकारला जाणारच. 'फ्रॉम' नेहमी तुमच्या डोमेनचा ठेवा आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये.

झेरॉक्स मशीन जुनी असेल तर तिला आजचं टीएलएस, म्हणजे कुलूपबंद बोलणं, जमत नाही. मोठे सर्व्हर तिला उभं करत नाहीत. तिथं वर सांगितलेलं ऑफिसातलं पोस्टफिक्स कामाला येतं: मशीन त्याच्याशी जुन्या भाषेत बोलते, ते बाहेर नव्या भाषेत.

ड्रॉइंग पाठवणाऱ्यांसाठी एक. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशानं फुगते. १८ एमबीच्या वरची फाइल दुसऱ्या सर्व्हरला पाठवताना लिंकनंच द्या.

तपासणी

पहिला मेल स्वतःच्याच जीमेलवर पाठवा. कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' घ्या. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्हींसमोर 'पास' पाहिजे. 'पास'वर थांबू नका, त्याशेजारचं डोमेनचं नावही वाचा. डीकिमसमोर रिले कंपनीचं डोमेन दिसत असेल तर सही तुमची नाही. मग हाच प्रयोग आउटलुकच्या आणि एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर. यादीतल्या प्रत्येक स्रोतातून एकेक मेल पाठवा: टॅली, वेबसाइट, झेरॉक्स. फक्त स्वतःच्या लॅपटॉपवरून तपासून 'झालं' म्हणू नका.

परत आलेला मेल वाचायला शिका. आकडा ४ नं सुरू झाला तर अडचण तात्पुरती असते. सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तुम्ही परत पाठवायची गरज नाही. आकडा ५ नं सुरू झाला तर नकार पक्का. '५३५' म्हणजे यूझरनेम-पासवर्ड चुकलाय. '५५०'सोबत '५.१.१' असेल तर तो पत्ताच नाही. '५.७' नं सुरू होणारं काही असेल तर धोरण, परवानगी किंवा लौकिकाची गोष्ट आहे. त्यापुढचं वाक्य पूर्ण वाचा, बऱ्याचदा कारण आणि लिंक तिथंच दिलेली असते. "मेल परत आला" एवढंच फोनवर सांगू नका, तो परतीचा मेल जसाच्या तसा पुढे पाठवा. त्या चार ओळींनी माझे दोन तास वाचतात.

घाऊक मेल

परिपत्रकांसाठी वेगळं उपडोमेन घ्या, वेगळं डीकिम, वेगळी सेवा. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी तीन हजार मेल सोडू नका. आधी नेहमीच्या पन्नास-शंभर गिऱ्हाइकांना, मग हळूहळू वाढवत. विकत घेतलेल्या याद्या अजिबात वापरू नका. त्यात मेलेले पत्ते असतात, स्पॅम पकडायला मुद्दाम पेरलेले पत्ते असतात, आणि ज्यानं मागितला नाही त्याला मेल पाठवणं चुकीचंच आहे.

बसवून झाल्यावर

परतीचे मेल ज्या पत्त्यावर येतात तो जिवंत माणसाला द्या, निदान दोघांना. फाउंड्रीत आता ते मेल अकाउंट्सच्या मॅडमना आणि डिस्पॅचच्या दादांना, दोघांनाही जातात. डीमार्कच्या अहवालाकडे महिन्यातून एकदा तरी नजर टाका. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (जीमेलवर तुमच्या मेलचं काय होतं ते दाखवणारी सोय) डोमेन नोंदवून ठेवा.

एक धोका आवर्जून सांगतो. 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे भरा' असा मेल तुमच्या नावानं गिऱ्हाइकाला जाऊ शकतो. डीमार्क 'रिजेक्ट'वर असेल तर तुमच्याच डोमेनची हुबेहूब नक्कल डीमार्क पाळणाऱ्या सर्व्हरवर अडते. एक अक्षर बदललेलं, दिसायला तसंच डोमेन मात्र अडत नाही, आणि तुमच्याच खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तर काहीच अडत नाही. म्हणून बिलाखाली छापा: बँक खात्यातला बदल आम्ही फक्त मेलनं कळवत नाही, नेहमीच्या नंबरवर फोन करून खात्री करा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचे अ‍ॅप पासवर्ड रद्द करा, त्याच्या नावावर येणारे परतीचे मेल दुसऱ्याकडे वळवा, आणि टॅलीतून एक बिल पाठवून बघा. रद्द केलेला पासवर्ड टॅलीत होता असं निघालं, तर ते त्या संध्याकाळीच कळलेलं बरं. गाडी गेटबाहेर उभी असताना नको.